परतीपुरती बॅटरी

पुणे,
१२ जुलै १९९३

ताई,

पत्र वाचून तू चिडणार आहेस, म्हणून आधीच कान धरतो. नागपंचमीला मुराळी म्हणून तुला न्यायला यंदाही माझं येणं होत नाही. कारखान्यात काम ऐन भरात आहे, मालक रविवारचीही सुट्टी देईना. पण या खेपेला नुसता निरोप पाठवत नाही. माझ्याऐवजी गाडी पाठवतोय.

होय, तीच, बॅटरीची स्कूटर. पेट्रोल नाही, किक नाही, गिअर नाही. घरातल्या प्लगला वायर लावायची, भरली की बसायचं आणि मूठ पिळायची. तुझ्या डाव्या पायाला काही म्हणजे काही काम नाही. एसटीची ती उंच पायरी चढताना तुझा चेहरा कसा होतो ते मी लहानपणापासून बघत आलोय. आता रविवारी शाळेला सुट्टी असली की तुझी तू पोखर्णीला जा, नानांना भेट, संध्याकाळी परभणीत घरी. मुक्कामच नाही म्हटल्यावर सासूबाईंना बोलायला जागा नाही.

एक काम मात्र कर. आमच्या कागदावर लिहिलंय, एकदा भरली की पन्नास किलोमीटर. ते इथल्या गुळगुळीत रस्त्यावर, एका हडकुळ्या पोराला बसवून काढलंय. आपल्याकडच्या रस्त्यावर ती खरी किती जाते ते मला हवंय. गोड गोड लिहू नकोस.

नानांना म्हणावं, गाडी एकदा बाजारात आली की मी पहिल्या एसटीनं घरी.

तुझा काशी


परभणी,
३ ऑगस्ट १९९३

चि. काशी,

अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

गाडी पोचली. ट्रान्सपोर्टवाल्यानं उतरवली तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली. जो तो विचारायला, 'बाई, हिचं सायलेन्सर कुठंय?' हे ट्रेझरीतून आले आणि चहासुद्धा न घेता तिच्याभोवती फिरत बसले. सासूबाई म्हणाल्या, 'आवाज नाही म्हणजे सून आली-गेली कळायचीच नाही.' त्यांना त्याची फिकीर.

आता खरं लिहिते. पन्नास-बिन्नास काही नाही. पोखर्णीपर्यंत ती ऐटीत जाते. अठरा-वीस किलोमीटरची तर वाट. पण तशीच परत निघाले तर निम्म्यात बसेल, इतका काटा उतरतो. रस्ता तुला माहीत आहे, खड्डा चुकवायचा तर दुसऱ्या खड्ड्यात जावं लागतं. म्हणून गेल्या गेल्या नानांच्या माजघरात प्लग लावते. दुपारभर भरली की चारला निघायचं, उजेडात घरी. तुझ्या कागदावर तीस लिही, आणि तेही बाई बारीक असली तर.

पहिल्या रविवारी नाना ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. गाडी दारात आली तरी त्यांना कळलं नाही. मान वर केली तर मी समोर! 'कोण आणलं गं तुला?' म्हणाले. मी म्हटलं, काशीनं. तर त्यांनी माझ्या मागं रस्त्याकडं बघितलं, तू येतोस का म्हणून. हे मुद्दाम लिहितेय. लागू दे थोडं.

सासूबाईंचं म्हणशील तर मी त्यांना दोष देत नाही. मुराळी न्यायला आल्याशिवाय सुनेनं माहेरी रात्र काढायची नाही, ही त्यांच्या घरची रीत. त्यांचे भाऊ कितीतरी वर्षं फिरकले नाहीत, तर त्याही तितकी वर्षं गेल्या नाहीत. मग माझ्यासाठी नियम का मोडतील? फक्त चार वाजले की नाना गप्प होतात. आई गेल्यापासून त्यांना संध्याकाळ जड जाते. 'राहा' असं ते जन्मात म्हणणार नाहीत. लेकीच्या सासरी शब्द खाली पडू द्यायचा नाही हे त्यांचं.

तब्येत सांभाळ. बाहेरचं खाऊ नकोस.

ताई


मु. पोखर्णी,
१७ ऑक्टोबर १९९३

चि. काशीनाथ यास आशीर्वाद.

भूकंपाची चौकशी करणारे तुझे पत्र मिळाले. आपल्या गावात पडझड नाही. फळीवरची भांडी खाली आली, इतकेच. लोक अजून अंगणात झोपतात. मी घरातच झोपतो. भीती वगैरे काही नाही. जन्मभर मुलांना भूगोल शिकवला, जमीन का हलते हे मला ठाऊक आहे. मात्र अधूनमधून हलल्यासारखे वाटते. खरोखर हलते की मलाच वाटते, हे विचारायला जवळ कोणी नसते.

कावेरी दर रविवारी येते. तुझी गाडी उत्तम आहे. फक्त आमच्याकडे रविवारी दुपारी लाईट जाते, त्यामुळे बॅटरी भरत नाही आणि तिला रात्री राहावे लागते. त्याला इलाज नाही. तू त्यासाठी काही खटपट करू नये.

सवडीने यावे.

विष्णुपंत


परभणी,
१ नोव्हेंबर १९९३

चि. काशी,

हल्ली मी दर रविवारी माहेरी मुक्काम करते. ऐकतोयस का? माझा मलाच विश्वास बसेना.

पोखर्णीत बॅटरी भरतच नाही. चार वाजता बघावं तर काटा निम्म्यावर. नाना म्हणतात, लाईट नव्हती. मग काय करणार, राहायचं! रात्रभर भरते, सोमवारी सकाळी निघून मी थेट शाळेत. पहिल्यांदा सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, 'मी नाही राहिले, गाडी राहिली.' यांनीही पहिल्यांदाच आईसमोर तोंड उघडलं, 'बॅटरीला रीत कशी समजावून सांगायची, आई?' म्हणाले. सासूबाईंना हसू आलं. मशीनवर कुणाला रागावता येतं?

नाना बदललेत रे. दुपारीच वांगी चिरून ठेवतात. मी भाकरी करते, ते चुलीसमोर पाटावर बसून शाळेतल्या गोष्टी विचारतात, कुठली पोरगी हुशार, कुठली आगाऊ. गेल्या खेपेला आईबद्दल बोलले. तिला जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून पहिल्यांदाच. आणि भूकंपानंतर ते झोपेत दचकून उठतात, मी हाक मारली की पुन्हा झोपतात. सकाळी विचारलं तर म्हणतात, 'छे, मी कुठं उठलो?'

म्हणून सांगते, तू उगं त्या बॅटरीच्या मागं लागू नकोस. चाललंय ते लय बरं चाललंय.

ताई


पुणे,
९ नोव्हेंबर १९९३

ताई,

मागं लागू नकोस कसं म्हणतेस? गाडीचं चार्जिंगचं काम माझ्याकडं आहे. तुझं पत्र मी मालकांना दाखवलं, तर ते म्हणाले, 'काशीनाथ, तुझा चार्जर खेड्यातल्या लाईटवर चालत नाही, असा याचा अर्थ.' गाडी बाजारात न्यायची की नाही हेच आता त्यावर अडून बसलंय. चार वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही, ताई. लग्नाचं सुद्धा नाव काढलं नाही.

आणि मला एक कोडं सुटेना. परभणीहून निघताना ती एकदाही कमी पडली नाही. पोखर्णीहून निघतानाच पडते. बॅटरी तीच, चार्जर तोच. वायर नीट बसते ना? प्लग सैल आहे का? दर वेळी काटा कुठं होता आणि लाईट कधी गेली ते कळव.

भाऊबीजेला येणं होत नाही. चोळीबांगडीचं पुढं बघू. मनात आणू नकोस.

काशी


परभणी,
२५ नोव्हेंबर १९९३

चि. काशी,

भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळलं. भाऊ नसला की बायका तसंच करतात.

एक झालंय ते सांगते, दुसऱ्याकडून कानावर जायच्या आधी. गेल्या रविवारी सासूबाईंच्या अंगात ताप होता. संध्याकाळी परत येते असा शब्द देऊन मी पोखर्णीला गेले. चारला बघितलं तर काटा नेहमीसारखाच निम्म्यावर. नाना म्हणाले, 'राहा की मग.' मी म्हटलं, आज जमायचं नाही, घरी आजारपण आहे. निम्म्यावर कसंबसं घर गाठीन असं वाटलं. नाना काहीतरी बोलायला आले आणि थांबले.

फाट्याच्या पुढं गाडी बंद पडली. किती वेळ ढकलत होते कोण जाणे. मग मुंजाजी म्हणून एक जण कापसाची बैलगाडी घेऊन परभणीकडं येत होता. त्यानं माझी गाडी कापसावर चढवली आणि मलाही. 'मास्तरीणबाई, तुमची गाडी मुकी हाय, आन् आता लंगडीबी झाली,' म्हणाला बिचारा, आणि मग माझ्या पायाकडं बघून जीभ चावली. मला इतकं हसू आलं!

पाय जरासा सुजलाय. तीन दिवस शाळेत गेले नाही. नानांना यातलं एक अक्षर कळवायचं नाही, शपथ आहे तुला.

ताई


मु. पोखर्णी,
३ डिसेंबर १९९३

काशीनाथराव, दिनकररावचा रामराम घ्यावा.

तुमचं पत्र पावलं. तुमी इचारलं की पोखर्णीत रविवारी दुपारी लाईट जाती का. आता मला पिठाच्या गिरणीवाल्याला हे इचारणं म्हंजी कमालच केली. लाईट गेली तर माझा पट्टा थांबतोय, दुसऱ्या कुनाला कळायच्या आदी मला कळतंय. रविवारी दळन लय असतंय. गिरनी सकाळपासून सांजपतुर चालू असती. भूकंपापासून एकाबी रविवारी दुपारी लाईट गेली न्हाई. जाती ती बुधवारी.

पंतांच्या घरची तार बिघडली आसंल म्हनून मी जाऊन बगितलं. तार बेस हाय. पंतांना इचारलं तर म्हनले, 'तुला काय करायचंय, तू पीठ दळ.' आता म्हाताऱ्या मानसाला जास्त कोन बोलनार?

तुमी एकदा या गावाकडं. पंत वाळलेत.

दिनकरराव


पुणे,
९ डिसेंबर १९९३

तीर्थरूप नाना,

सा. नमस्कार.

लिहू नये असं वाटतंय, पण लिहितो. रविवारी दुपारी पोखर्णीत लाईट जात नाही. दिनकररावांची गिरणी दिवसभर चालू असते. चार्जरमध्ये दोष नाही, वायरीत दोष नाही. तुम्ही बटण बंद करता.

का करता ते मी विचारत नाही. पण त्या दिवशी ताई अर्ध्या बॅटरीवर निघाली, तेव्हा तरी बोलायचं होतं! गाडी फाट्यापुढं बंद पडली. तो पाय घेऊन ती अंधार पडेपर्यंत गाडी ढकलत होती. तीन दिवस तिला चालता येत नव्हतं. तुम्हाला कळू नये म्हणून तिनं मला शपथ घातली, ती मी मोडतोय. त्या निर्जन रस्त्यावर तिला काही झालं असतं तर? आणि माझ्या चार वर्षांच्या कामावर इथं बोट ठेवलं जातंय ते वेगळंच.

हात जोडून सांगतो, पुन्हा असं करू नका. तिला उजेडात घरी पोचू द्या.

काशीनाथ


मु. पोखर्णी,
१६ डिसेंबर १९९३

चि. काशीनाथ,

पत्र मिळाले. दिनकररावास विचारण्याची गरज नव्हती. मला विचारले असतेस तरी सांगितले असते.

तिचा पाय सुजला हे मला ठाऊक नव्हते. त्या दिवशी ती राहील असे धरून मी बटण बंद केले. ती निघाली तेव्हा सांगावे असे तोंडाशी आले, पण लाज वाटली. म्हातारपणी मुलीसमोर लाज वाटते, हे तुला आज समजणार नाही.

यापुढे गाडी पूर्ण भरूनच जाईल. शब्द देतो. तिला यातले काही बोलू नकोस.

विष्णुपंत


परभणी,
४ जानेवारी १९९४

चि. काशी,

तुझ्या मालकांना सांग, चार्जर पोखर्णीत उत्तम चालतो. तीन रविवार झाले, बॅटरी काठोकाठ भरते. चार वाजता निघते, दिवस मावळायच्या आत घरी. वाटेत कुठं थांबणं नाही, काही नाही. तुला हवं होतं तसं झालं.

नानांचं मात्र काहीतरी बिनसलंय. वांगी चिरून ठेवत नाहीत. साडेतीनपासूनच घाई लावतात, 'आवर गं, उजेड आहे तोवर नीघ.' चुलीपुढं बसते म्हटलं तरी बसू देईनात. मी काही बोलले का? आठवून आठवून बेजार झाले. परवा निघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणाले, 'धूर गेला का?' चूल तर विझलेली होती.

जड झाले असेन मी त्यांना. दर आठवड्याला मुक्काम म्हणजे माणसाला कंटाळा येणारच. तू आलास तर विचार एकदा. मला ते सांगायचे नाहीत.

ताई


पुणे,
१० जानेवारी १९९४

ताई,

तुझं पत्र मी कारखान्यात मोठ्यानं वाचून दाखवलं. मालकांनी पेढे वाटले! खेड्यातल्या लाईटवर दुपारभरात परतीपुरती भरते, याहून मोठा पुरावा कुठला? गाडी आता बाजारात येणार. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, पण पाठ तुझी थोपटायला हवी.

नानांचं मनावर घेऊ नकोस. त्यांना तुझ्या पायाची काळजी, दुसरं काय? अंधारात तू रस्त्यावर नको म्हणून घाई करतात. कंटाळा कसला! वेडीच आहेस.

होळीला नक्की येतो. या वेळी पक्कं.

काशी


पुणे,
८ फेब्रुवारी १९९४

ताई,

परत येऊन पाच दिवस झाले. कामात लक्ष लागत नाही.

नाना गेल्यावर तिसऱ्या दिवशी पोचलो मी. विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालं आणि एसटीचा काही भरवसा राहिला नाही, हे तुला माहीत आहे. तरी नानांचा चेहरा दिसला नाही हे जन्मभर राहणार. दिनकरराव म्हणाले, सोमवारी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं नाही म्हणून त्यांनी कडी काढली. अंथरुणावर उठून बसलेले होते म्हणे, भिंतीला टेकून.

तेराव्यापर्यंत तू माझ्याशी नीट बोलली नाहीस. भाऊजींशी बोलत होतीस, गावातल्या बायकांशी बोलत होतीस. मी समोर आलो की उठून जायचीस. माझ्याकडून काय झालं? उशिरा आलो म्हणून म्हणतेस का? शिव्या घाल, पण बोल.

काशी


परभणी,
१५ फेब्रुवारी १९९४

काशी,

विचारलंयस म्हणून लिहिते. पुन्हा पुन्हा लिहायची नाही.

दहाव्याला दिनकररावांनी मला सांगितलं, तुझं पत्र आलं होतं म्हणून. बिचारे सहज बोलून गेले, 'तुमच्या भावानं बरोबर चोरी पकडली.' मग मी विचारत गेले आणि ते सांगत गेले, तू नानांना काय लिहिलंस, नानांनी तुला काय कबूल केलं, नाना शेवटी त्यांच्यापाशी बोलले होते ते सगळं.

काशी, मला माहीत होतं रे. दुसऱ्याच रविवारपासून माहीत होतं. मी माजघरात आडवी झाले होते. नाना हळूच आले, बटणाचा खटका वाजला. चारला मला म्हणाले, 'लाईट गेली होती बघ.' माझ्या डोक्यावर पंखा गरागरा फिरत होता! मी पंख्याकडं बघितलं, त्यांनी पंख्याकडं बघितलं. मी म्हटलं, 'हो का? मग राहावंच लागणार.' ते म्हणाले, 'हो, इलाज नाही.' आणि लगेच वांगी शोधायला गेले.

इतकं साधं होतं ते. त्यांना 'राहा' म्हणायचं नव्हतं, मला 'राहते' म्हणायची सोय नव्हती. सासूबाईंपुढं मी खोटं बोलत नव्हते, काटा खरंच निम्म्यावर होता. कुणाचा मान गेला नाही, कुणाची रीत मोडली नाही. त्या दिवशी रस्त्यात अडकले ती चूक माझी. निम्म्यावर आहे हे माहीत असून मी निघाले. त्याचं खापर तू त्यांच्यावर फोडलंस. आणि मी तुला लिहिलं होतं ना, मागं लागू नकोस म्हणून? त्याहून स्पष्ट कसं लिहू, मला सांग. माझी पत्रं टपालात टाकायच्या आधी सासूबाई वाचून घेतात, हे तेवढं शाळेत बसून लिहितेय.

शेवटच्या रविवारचं ऐक. सोळा तारीख. नामांतराची गडबड चालू, रस्त्यावर पोलीस. नाना सकाळपासून थकलेले दिसायले. छातीत भरल्यासारखं वाटतंय म्हणाले, मग म्हणाले, काही नाही, वांग्यांनी झालं असेल. वांगी तर महिनाभर त्या घरात शिजली नव्हती. मला निघवेना. चारला मी गाडीपाशी गेले आणि म्हटलं, 'नाना, काटा कमी दिसतोय. भरली नाही वाटतं आज.' काटा पार टोकाला होता.

ते आत जाऊन चष्मा घेऊन आले. वाकून बघितलं. खूप वेळ बघितलं, काशी. मला वाटलं आता म्हणतील, 'हो गं, कमीच आहे.' मी पिशवी खाली ठेवायच्या बेतात होते. ते उभे राहिले आणि म्हणाले, 'पूर्ण भरली आहे. नीघ तू.'

मी रागानं निघाले. मागं वळून सुद्धा पाहिलं नाही. वाटलं, बापालाच नको झाले तर कशाला पदर पसरायचा. आणि गाडी कुठंही न थांबता मला घरी घेऊन आली. त्यांनी तुला शब्द दिला होता हे मला कुठं माहीत?

तुला शिव्या घालत नाही. तू काळजीनंच लिहिलंस, हे मला कळतं. पण राग जात नाही, तो जाईल तेव्हा जाईल. होळीला येऊ नकोस. उन्हाळ्यात ये, तोवर मी बोलू शकेन बहुतेक.

परवा सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, 'कावेरी, चार दिवस माहेरी राहून ये गं. मी काही म्हणायची नाही.' त्यांच्या तोंडून हे ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते. मी गाडी काढली, फाट्यापर्यंत गेले सुद्धा. मग तिथंच रस्त्याच्या कडेला थांबले. घराची किल्ली दिनकररावांकडं आहे, ते देतील, कुलूप निघेल. पण आत जाऊन कुणाला सांगू, मी आज राहणार आहे म्हणून?

ताई